वाटणीच्या हार्डडिस्क

नाही, त्या वायरला हात लावायचा नाही. फोनवरच सांगितलेलं ना तुला, माझं आतलं काही काढायचं नाही, आहे त्यात जागा वाढवायची म्हणून? कार्ड आणलंयस ना? मग कार्ड लाव. तो डीव्हीडी ड्राइव्ह काढला की एक पोर्ट सुटतो, हे मलाही कळतं रे — वागळे इस्टेटला मेंटेनन्सला आहे मी, पॅनल उघडण्यात जन्म गेलाय माझा — पण एक सुटून काय होणार, येणार आहेत दोन. हिशेब सरळ आहे. बोर्डावर पोर्ट चार. एकावर विंडोजची डिस्क, एकावर डीव्हीडी, ही दोन्ही मी मागाहून घातलेली, आणि उरलेल्या दोनांवर बाबांच्या हार्डडिस्क, माझ्या वाटणीला आलेल्या. झाले चार. आता माझा भाऊ त्याच्या वाटणीच्या दोन घेऊन येतोय, त्या काय माझ्या डोक्यावर लावणार? आणि त्याच्या दोन लावण्यासाठी मी माझं काहीतरी उपटायचं? का म्हणून? आयुष्यभर तेच केलं. तो लहान, त्याला दे. तो लहान, तू सरक. आता नाही सरकणार.

ऋतुराज ना नाव तुझं? बस, खाली नको, स्टुलावर बस. वैशाली, चहा टाक गं, ह्याला पण. नको कशाला? गुरूने पाठवलं म्हणून तुला चहा नाही असं काही नाही, त्याचं-माझं काय असेल ते आमच्यात. गुरू म्हणजे गुरुदत्त, सख्खा भाऊ माझा, टिटवाळ्याचा, तुला भेटला तोच. येईलच आता. आईला घेऊन येतोय. बाबांच्या वर्षश्राद्धानंतर आज पहिल्यांदा माझा जिना चढणार, आणि तेसुद्धा माझ्यासाठी नाही, या कॉम्प्युटरच्या डबड्यासाठी. कारण कॅबिनेट माझ्याकडे आहे. नाहीतर कुठला आलेला तो डोंबिवलीला!

त्या दुकानदारानं काय सांगितलेलं माहितीय? इथला, स्टेशनजवळचा. म्हणे काका, मशीन जुनं झालं, नवीनच घ्या. म्हटलं, बाबा, मला दोन पोर्ट वाढवून पाहिजेत. तर म्हणे बाहेरून डबी लावा, डिस्क तिच्यात घालायची आणि वायरने जोडायची. अरे, डबी लावूनच तर बघितलेलं सगळं, त्यावरनंच तर महाभारत झालं! या लोकांना ना, वाढवायचं म्हणून काही माहीतच नाही, नुसतं बदलायचं माहीत. बोर्डावर ती रिकामी खाच आहे, त्यात कार्ड बसतं, कार्डावर चार पोर्ट येतात, एवढी साधी गोष्ट — ती मला तुझ्याकडनं फोनवर कळते, आणि तो गळ्यात पट्टा घालून दुकानात बसलेला. जाऊ दे. तू कर तुझं. माझं तोंड चालतं, लक्ष देऊ नकोस.

तुला शक्ती-तुरा माहितीय का? जाखडी? नाही? मूळचा कुठला तू, जळगावचा? मग कसं असणार. अरे, आमच्या कोकणात दोन मंडळं आमनेसामने उभी राहतात, शक्तीवाले आणि तुरेवाले. मृदंगावर थाप पडते, पोरं फेर धरून नाचतात, मधे शाहीर गातो — आधी गण, मग गवळण, मग समोरच्याला सवाल टाकायचा. त्याला उत्तर आलं नाही तर सगळ्या मांडवादेखत नाक कापलं जातं. आमचे बाबा म्हणजे दौलतशाहीर. दिवसा इथे वागळे इस्टेटला लेथवर आणि शनिवारी दिव्याला, मुंब्र्याला, भांडुपला, जिथे गावची माणसं तिथे सामना. त्यांचा गण सुरू झाला की समोरच्या मंडळाचे लोकसुद्धा बिडी विझवायचे. खोटं नाही सांगत.

पण माणूस संशयी. म्हणजे शाहीर सगळेच संशयी असतात, चाली चोरीला जातात ना — आज तू गायलास, उद्या दुसरा शब्द फिरवून गातो. बाबांनी हयातीत कुणाला रेकॉर्डिंग करू दिलं नाही. समोर कुणी मोबाइल वर केला की गाणं बंद, जा घरी. आम्हा पोरांनासुद्धा नाही. आणि स्वतः मात्र सगळं टिपून ठेवायचे. आधी टेपवर, मग कॅमेऱ्यावर, मग रिटायर झाल्यावर हा कॅबिनेट घेतला आणि असेल नसेल ते सगळं यात भरलं, जुन्या टेपा मोडून टाकल्या, कुणाच्या हाती नकोत म्हणून. कुठल्याशा दुकानवाल्याने चार हार्डडिस्क घालून दिलेल्या. स्क्रीनवर मात्र एकच दिसायचं, एकच कप्पा, त्याला नाव दिलेलं ‘गाणी’. बाहेर एक ओळ नाही त्यातली. यूट्यूबवर शोध, नाही सापडणार दौलतशाहीर.

बसलं? दाब नीट. त्या मोठ्या खाचेत हे एवढंसं कार्ड चालतं होय? चालतं म्हणतोस तर चालत असेल. स्क्रू मार पण, हलायला नको. आणि करंट कुठून देणार त्या दोन डिस्कना? ती दोन तोंडांची वायर आणलीस ती ना? बरं.

मग बाबा गेले. तेरावं झालं आणि उत्तममामा वाटणीला बसला. आमच्यात भावाभावांची वाटणी मामाच्या साक्षीने होते, मामा बोलला की पुढे कुणी बोलायचं नाही, पद्धतच आहे. दिव्याची खोली होती, तिचं ठरलं. आई गुरूकडे, देव माझ्याकडे, मी थोरला म्हणून. मृदंग त्याला, पेटी मला. मॉनिटर त्याला, कॅबिनेट मला. आणि मग मामाच्या डोक्यात आलं — म्हणे, त्या डब्यात दौलतचं गाणं आहे ना, ते एकट्याच्या घरात कसं जाणार? बाप दोघांचा. उघडा. उघडला तर आत चार डिस्क. मामाला एवढा आनंद झाला! चार डिस्क, दोन भाऊ, दोन-दोन, भांडणच नको. देवानेच जुळवून ठेवलंय म्हणाला. सगळी भावकी माना डोलवतेय. स्क्रू मीच काढले. आईने दोघांना कुंकू लावलं, डिस्कनासुद्धा लावलं, आणि झाली वाटणी. हसतोस काय? हसू नकोस. तुझं शिक्षण त्यातलं. आम्हाला काय ठाऊक? भाताची पोती वाटणारी माणसं आम्ही.

इथे आणून डबीत घातली पहिली, काही नाही. दुसरी घातली, काही नाही. कोरी ठणठणीत! बाबांचा खोकलासुद्धा नाही त्यात. माझं डोकंच फिरलं. कारण स्क्रू काढून झाल्यावर मी हात धुवायला गेलेलो ना, तेव्हा चारही डिस्क चटईवर होत्या आणि तिथे होता कोण? गुरू. एकटा. बदलल्या असणार. कोऱ्या डिस्क त्याच्याकडे आल्या कुठून? ते मला काय माहीत — चोराला कुणी विचारत बसतं का, किल्ली कुठून आणलीस म्हणून? घेतलं ना सगळं गाणं आपल्याकडे? शाहीर व्हायचं होतं त्याला. गळा आहे त्याला बाबांचा, नाही कोण म्हणतं. माझ्याकडे नाही, माझा आवाज म्हणजे फाटका पत्रा. म्हणून काय मी कोरा राहायचं?

आणि मी गप्प बसणारा नाही. वर्षश्राद्धाला सगळं मंडळ जमलेलं, पानं उठली आणि मी उभा राहिलो. सरळ बोललो. चोर म्हटलं. बापाचा आवाज चोरलास म्हटलं, बायकापोरांसमोर. त्यावर तो काय म्हणाला माहितीय? ‘दादा, माझ्याही दोन उघडत नाहीत रे.’ चोराच्या उलट्या बोंबा! म्हटलं, उघडत नाहीत तर फेकून दे. आणि मंडळाने बरोबर केलं, त्याला बाबांच्या जागी उभा करणार होते, नाही केला. ज्याने भावाला फसवलं त्याने गण म्हणायचा? देवाचं असतं ते. दुसरा घेतला, त्याला धड सूर नाही, पण तो माणूस तरी सरळ आहे. तेव्हापासून गुरू गात नाही. कुठेच नाही. गणपतीत आरतीलासुद्धा नुसत्या टाळ्या वाजवतो असं आई सांगते. मग मी काय करू? मी सांगितलं होतं का चोरी कर म्हणून?

वैशाली, चहा झाला का? ठेव तिथे. आणि अशी बघू नकोस माझ्याकडे, सकाळपासून बघतेयस.

तिचं काय म्हणणं आहे सांगू? या गेल्या रविवारी गुरूचा फोन आला. मी उचलणार नव्हतो, हिनेच उचलून माझ्या हातात दिला. म्हणाला, दादा, आईचे डोळे तर गेलेच, आता जेवणही तुटलंय. रोज संध्याकाळी भिंतीला टेकून बसते आणि म्हणते, त्यांचा गण लावा रे कुणीतरी, एकदा ऐकू दे. मी म्हटलं, माझ्याकडे कुठून असणार? मग म्हणाला, कल्याणला एकजण भेटला — म्हणजे तू — त्याचं म्हणणं, अशा चार डिस्क मिळून एकच असते, चारही एकदम जोडल्या तर उघडते. एकेक लावली तर कोरी दिसते दादा, कोरी नसते. असं म्हणाला. मी म्हटलं बघू. मानलेलं नाही हां मी अजून! आणि ही सकाळपासून विचारतेय, उघडलं तर गुरूभावजींची माफी मागणार का म्हणून. मागेन की. माझ्या तोंडाला काय कुलूप आहे? उघडू दे तर आधी. उघडलं तर मागेन, पाया पडेन, मंडळासमोर सांगेन. पण मला काय वाटतं ते सांगतो — नाही उघडणार. त्याच्या दोन्हींत असेल सगळं, माझ्या कोऱ्या, ह्या कार्डाने आज कळेलच दूध का दूध. मी कशाला घाबरू?

लागला? कर चालू. आवाज आला बघ पंख्याचा. दिसतंय का कार्ड? दिसतंय ना, चार नवे पोर्ट? याला म्हणतात काम. आता त्याच्या दोन आल्या की खटाखट लावायच्या, आणि होऊन जाऊ दे.

काय? माझ्या दोन कुठल्या? अरे याच की, समोर आहेत. डी आणि ई. हो, त्याच. उघड, बघ की, लपवायचं काय आहे त्यात. हे प्राचीचं लग्न, मुलगी माझी, वर्ष झालं. ते आख्खं शूटिंग आहे, हळदीपासून. हे पिक्चर, हे कंपनीचे फोटो, हे परत पिक्चर. भरल्यात म्हणजे काय, दोन्ही फुल्ल आहेत, लाल झालेत बघ. म्हणून तर म्हटलं, माझं काही काढू नकोस.

बाबांच्या कुठल्या काय विचारतोस पुन्हा? याच बाबांच्या. कुंकवाचा डाग असेल वरती, काढून बघ. कोऱ्या निघाल्या म्हणून सांगितलं ना मघाशी? मग वापरल्या. नुसत्या कपाटात ठेवून पुजायच्या होत्या काय? डबीत घातली की मशीनच विचारायचं, वापरायची असेल तर फॉरमॅट करावी लागेल, करू का? म्हटलं कर. हो दाबलं. त्याशिवाय उघडतच नव्हती. पुन्हा विचारलं त्याने, आहे ते सगळं पुसलं जाईल म्हणून — ते विचारतंच, सगळ्यालाच विचारतं, कोण वाचत बसतं. आणि पुसायला होतं काय त्यात? कोऱ्याच तर होत्या. मी डोळ्यांनी बघितल्या. कोऱ्या दिसत...

असा बघू नकोस रे माझ्याकडे.

नाही, पण असतं ना काहीतरी? पुसलेलं परत आणायचं सॉफ्टवेअर असतं, आमच्या कंपनीत आणलेलं एकदा. बोल ना. वरून भरलं नसतं तर? म्हणजे नुसतं हो दाबून ठेवलं असतं आणि कपाटात टाकलं असतं तर मिळालं असतं? आणि आता? प्राचीचं लग्न काढून टाकलं तर? काढ. सगळं काढ, पिक्चर काढ, फोटो काढ, मला काही नको त्यातलं. तरी नाही? बरं, त्याच्या दोन आहेत ना. त्याने हात नसेल लावला, तो असल्या बाबतीत भित्रा आहे, तशाच फडक्यात ठेवल्या असतील. त्यात अर्धं असेल की. अर्धं गाणं तर लागेल? निदान एक गण, एवढे सामने केले त्यांनी, एक गण तरी आख्खा त्याच्या बाजूला... नाही? थोडं इकडे, थोडं तिकडे, असं चारही डिस्कमध्ये वाटून ठेवतं? प्रत्येक गाणं? म्हणजे त्याच्या दोन्हींत असूनही काही नाही. एक ओळसुद्धा लागणार नाही. शब्दसुद्धा नाही.

थांब, फोन वाजतोय. गुरूचाच आहे.

हां. हां, बोल. आलात? खाली आहात? नाही, लिफ्ट नाही, कुठून असणार, तुला माहितीय. सावकाश आण तिला. हो... हो, कार्ड लागलं. मशीन चालू आहे. आण सावकाश.

आई मध्येच विचारत होती त्याला, लावलं का रे दादाने, लावलं का. ऐकू आलं मला.

इकडे बघ. तू काही बोलायचं नाहीस. कार्ड खराब निघालं असं सांगू आपण. नवीन आहे, निघतात कधी कधी खराब. नाही — मग तो दुसरं कार्ड आणेल, उद्या आणेल, तो सोडणार नाही आता. मग डिस्क खराब झाल्या म्हण. जुन्या आहेत, पडून पडून जातात, तूच म्हणालास ना मघाशी की जातात? कुठल्या म्हणून विचारलं तर... त्याच्या म्हण. त्याच्याच दोन खराब निघाल्या म्हण, लावून बघितल्या, फिरत नाहीत, झालं. त्याला काय कळणार आहे? तो मान खाली घालेल आणि गप्प बसेल. तो गप्पच बसतो. त्या दिवशी पानावरनं उठलेल्या सगळ्यांसमोर गप्प बसला, माझ्याही उघडत नाहीत एवढंच म्हणाला, दादा म्हणून म्हणाला, आणि मी —

वैशाली, तू रडू नकोस. दार उघडून ठेव. आणि खुर्ची बाहेर काढ, आई दुसऱ्या मजल्यावर दमते, तिथेच बसव तिला जरा. घाई करू नका म्हणावं. कसली घाई नाही.

आणि तू? तू काय करतोयस अजून इथे? झाकण राहू दे, मी लावीन. बॅग उचल आणि नीघ. चहा राहिला तर राहू दे. जिन्यात भेटेल तुला तो, फडक्यात गुंडाळलेलं असेल काहीतरी हातात, विचारेल, उघडलं का म्हणून. तू काही सांगू नकोस त्याला. म्हणावं, वर जा, दादा सांगेल.